सारखे म्हणजे किती सारखे? : विंडसर्फिंगच्या साधननियमांचा अर्थविचार

गेल्या सत्रात ह्या विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून ‘पाठ आणि अर्थनिर्णय’ हा अभ्यासक्रम शिकवीत असताना नियमवाक्याचा अर्थ कसा लावावा, हा विषय निघाला. वर्गात सहा भाषांचे विद्यार्थी होते. कायद्याची कलमे, धर्मशास्त्रातील वचने, व्याकरणाची सूत्रे अशी नेहमीची उदाहरणे मांडून झाली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, खेळाच्या नियमपुस्तकाचे काय? तीही नियमवाक्येच ना?” ही मुलगी एका धरणाच्या जलाशयावर विंडसर्फिंग शिकलेली. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या खेळाची नियमपुस्तके माझ्या टेबलावर आणून ठेवली. ती मी प्रथम केवळ सौजन्य म्हणून चाळली. पुढे मात्र पेन्सिल घेऊन वाचू लागलो. प्रस्तुत लेख त्या वाचनातून झालेला आहे. मी स्वतः कधी फळीवर उभा राहिलेलो नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. खेळाच्या तंत्राविषयी मी काही नवे सांगणार नाही. नियम लिहिणे आणि नियम पाळला जातो आहे हे पाहणे ह्यांत जे अंतर राहते, त्याविषयी मात्र काही म्हणावयाचे आहे.

अपरिचित वाचकांसाठी साधनाचे वर्णन थोडक्यात करतो. एक लांबट फळी, तिच्यावर सर्व दिशांनी कलणारी व फिरणारी डोलकाठी, डोलकाठीला शीड, आणि फळीच्या तळाशी मागच्या बाजूस पाण्यात उभी राहणारी एक पात, जिला खेळाडू फिन म्हणतात. सुकाणू नाही. खेळाडू उभा राहून शीड हातांनी पेलतो, कमरेच्या पट्ट्याने त्याला लोंबकळतो आणि शीड पुढेमागे कलवून दिशा बदलतो. अमेरिकेत जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर ह्यांनी १९६८ साली ह्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. परंतु न्यूमन डार्बीने तशाच स्वरूपाच्या फळीचे वर्णन १९६५ मध्येच एका मासिकात छापले होते. आणि पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ साली इंग्लंडातील हेलिंग बेटाजवळ आपली घरगुती फळी पाण्यात घातली होती. ह्या दोन गोष्टींच्या आधारे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने पुढे ते पेटंट तेथे अवैध ठरविले. म्हणजे साधन कोणाचे आणि कोणते, हा वाद ह्या खेळाच्या पाळण्यापासूनच आहे. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

धावण्याच्या शर्यतीत साधन जवळजवळ नसतेच. येथे मात्र शीड किती चौरस मीटरचे, फळी किती रुंद, फिन किती लांब व किती लवचिक, ह्यांवर निकाल पुष्कळसा अवलंबून असतो. त्यामुळे साधनांवर निर्बंध आले. आणि निर्बंध आले म्हणजे ते कोणत्या भाषेत घालावयाचे, हा प्रश्न आला. नौकाशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, वर्ल्ड सेलिंगने, साधनांविषयी जी परिभाषा सिद्ध केली आहे तिच्यात वर्गनियमांचे दोन प्रकार सांगितले आहेत. ‘बंद’ नियमांत ज्याची स्पष्ट परवानगी नाही ते सर्व निषिद्ध. ‘खुल्या’ नियमांत ज्याचा स्पष्ट निषेध नाही ते सर्व विहित.

हे वाचताना मला पतंजलीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात तो विचारतो, की व्याकरणाने शुद्ध शब्द सांगावेत, अपशब्द सांगावेत, की दोन्ही? आणि दृष्टान्त देतो तो भक्ष्याभक्ष्याचा. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी अमुक पाचच खावेत असे म्हटले, की उरलेले खाऊ नयेत हे आपोआप कळते. उलट गावठी कोंबडा आणि गावठी डुक्कर खाऊ नये असे म्हटले, की रानातले चालतात हे कळते. पहिला मार्ग म्हणजे बंद नियम, दुसरा म्हणजे खुला. पतंजली पहिल्याकडे झुकतो, आणि त्याचे कारण सांगतो ते लाघवाचे : एका शुद्ध शब्दाची अपभ्रष्ट रूपे अनेक असतात, तेव्हा त्यांची यादी करीत बसण्यापेक्षा शुद्ध तेवढे सांगणे सोपे. साधनांचे नियम लिहिणाऱ्यांनी महाभाष्य वाचले असण्याचा प्रश्नच नाही. पण त्यांची अडचण हीच होती. फिनवर कोणता लेप द्यावयाचा नाही, शिडाच्या पट्ट्या किती ताणावयाच्या नाहीत, फळीचा तळ कशाने घासावयाचा नाही, अशी निषेधांची यादी करू गेल्यास ती संपणार नाही. खेळाडूची कल्पकता यादीच्या नेहमीच एक पाऊल पुढे राहील. म्हणून अमुक एवढेच करा, असे म्हणणे अधिक सुरक्षित.

ऑलिंपिकने हीच वाट धरली आणि तिच्या टोकाला गेला. प्रत्येक वेळी एकच फळी आणि एकच प्रकारचे शीड ठरविले गेले : १९८४ साली विंडग्लायडर, १९८८ साली लेखनर, १९९२ साली लेखनरचीच पुढील आवृत्ती, १९९६ ते २००४ मिस्ट्रल, बीजिंगपासून टोकिओपर्यंत आर. एस. एक्स., आणि २०२४ साली पाण्याबाहेर उचलली जाणारी आयक्यूफॉइल. आर. एस. एक्स.मध्ये सर्व पुरुषांना ९.५ चौरस मीटरचे शीड आणि सर्व स्त्रियांना ८.५ चौरस मीटरचे. वारा मंद असो वा सोसाट्याचा, शीड तेच. साधन एकच, तेव्हा फरक राहील तो माणसाचा, असा ह्यामागचा विचार. विचार उदात्त आहे. पण तो ज्या ‘एकच’ ह्या शब्दावर उभा आहे, त्या शब्दाकडे कोणी निरखून पाहत नाही.

एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन वस्तू एकच नसतात. त्या एकमेकींसारख्या असतात. आपल्याकडे हस्तलिखितांचा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकांच्या पुढे शेकडो प्रती होत्या. मूळ संहिता एकही नव्हती. प्रत्येक नकलेत नकलाकाराचा हात उतरलेला असतो. फळीच्या बाबतीत संहिता म्हणजे साचा. पण साच्यात कापड घालणारा, राळ ओतणारा हात दर वेळी तोच दाब देतो असे नाही, आणि साचाही झिजतो. माझी विद्यार्थिनी म्हणाली, की आर. एस. एक्स.च्या काळात खेळाडूंचे सर्वांत मोठे दुखणे फिनचे होते. कार्बनच्या ह्या पाती दिसावयास अगदी सारख्या. पण एखादी किंचित ताठ, एखादी किंचित पिळली जाणारी. ज्याच्यापाशी पैसा आहे तो अनेक विकत घेई, प्रत्येक पाण्यात घालून पाही आणि त्यांतली वेगवान तेवढी ठेवी. ज्याला एकच परवडली, त्याच्या नशिबी जी आली ती.

ह्यात नियम कोणी मोडला? कोणीच नाही. निवडलेली फिन अधिकृत कारखान्याची, अधिकृत खुणेची, हात न लावलेली. नियम अक्षरशः पाळला गेला आणि ज्यासाठी तो केला होता ते मात्र घडले नाही. साधनावरचा खर्च सारखा व्हावा म्हणून एकच साधन ठरविले, आणि खर्च साधनावरून साधन निवडण्यावर सरकला. ऑलिंपिक स्पर्धेपुरता ह्यावर एक उपाय योजण्यात आला होता : २०२१ साली झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये आर. एस. एक्स.ची सामग्री आयोजकांनीच पुरविली. उपाय चांगला. पण ऑलिंपिकला पोहोचण्यापूर्वीची सारी वर्षे खेळाडूला आपल्याच सामग्रीवर काढावी लागतात, आणि पात्रता ठरते ती त्या वर्षांत.

आता ह्याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवतो. ते विंडसर्फिंगचे नाही, पण त्याच टोकिओ ऑलिंपिकचे आणि नौकाशर्यतींच्या त्याच मूळ नियमपुस्तकातले आहे. ४९अर ह्या दोघांच्या नौकेत आयर्लंडचे रॉबर्ट डिक्सन आणि शॉन वॉडिलोव्ह उतरले होते. नौकेबाहेर लोंबकळण्यासाठी जो पट्टा लागतो त्याचे वजन दोन किलोग्रॅमांहून अधिक असू नये, असा नियम आहे. तपासणीत एक पट्टा सुमारे ९० ग्रॅम जड भरला. दोन शर्यतींतून त्यांना बाद करण्यात आले. ९० ग्रॅमांनी नौका किती पुढे गेली असेल, हा प्रश्न नियमाच्या कक्षेत येतच नव्हता. मर्यादा ओलांडली, एवढे पुरे.

मला वाटते, ह्या दोन उदाहरणांमधील फरकात साऱ्या विषयाचे मर्म आहे. ९० ग्रॅम तराजूवर दिसतात. फिनचा ताठपणा किनाऱ्यावर कोणाला दिसत नाही. जे मोजता येते तेथे नियम कठोर होतो, जे मोजता येत नाही तेथे तो विनयाने बाजूला होतो. कोणता लाभ अधिक अन्याय्य, ह्याचा निवाडा नियम करीतच नाही. मापनाची जी साधने हाताशी असतील त्यांच्या आकाराचा न्याय मिळतो.

म्हणून नियमपुस्तकातला जो भाग मला सर्वांत अधिक आवडला, तो कोणत्याही थोर तत्त्वाचा नाही. तो ओले कपडे कसे तोलावेत ह्याविषयीचा आहे. पूर्वी नौकेवरील खेळाडू अंगाचे वजन वाढावे म्हणून पाणी पिणारे जाड कपडे चढवीत. पाठीच्या कण्याला त्यातून अपाय होऊ लागला, तेव्हा मर्यादा आली. कपडे आणि अंगावरची सामग्री मिळून आठ किलोग्रॅमांहून अधिक नको. वर्गनियमांना ती कमी करता येते किंवा दहापर्यंत वाढविता येते. पण ओल्या कपड्याचे वजन म्हणजे कोणत्या क्षणीचे वजन? नियमपुस्तकाची एक स्वतंत्र पुरवणी ह्याचे उत्तर देते. कपडे पाण्यात पूर्ण भिजवावेत, खुंटाळ्यावर अशा रीतीने टांगावेत की पाणी मोकळेपणाने निथळेल, एक मिनिट निथळू द्यावे, मग तोलावे. ज्या खिशांना बंद न होणारी भोके असतील ते रिकामे ठेवावेत, ज्यात पाणी राहू शकते ते भरलेले. वजन अधिक भरल्यास खेळाडूने कपडे पुन्हा हवे तसे मांडावेत, पुन्हा भिजवून तोलावेत. आणि तरीही अधिक भरल्यास आणखी एकदा. ह्या गद्याला लालित्य नाही. परंतु लिहिणाऱ्याने भांडणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून एकेक वाक्य लिहिले आहे. माप कसे घ्यावे हे नियमातच सांगितले असल्यामुळे पंचाच्या मर्जीला जागा उरलेली नाही, आणि संशयाचा फायदा तीन वेळा खेळाडूकडे जातो. साधननियमांतील फार थोड्या नियमांना असा शेजार लाभला आहे.

दुसरा प्रश्न, माप कोणी मागावयाचे? नौकाशर्यतींची एक जुनी श्रद्धा आहे, की खेळाडूंनी नियम स्वतः पाळावेत आणि त्यांची अंमलबजावणीही स्वतःच करावी. स्पर्धेच्या तांत्रिक समितीला साधनदोष आढळला तर तिने तक्रार केलीच पाहिजे हे खरे. पण समितीची माणसे मोजकी आणि फळ्या पुष्कळ. उरलेला भार प्रतिस्पर्ध्यावर येतो. २०२१ ते २०२४ ह्या चार वर्षांच्या नियमपुस्तकात वर्गनियमांविषयीच्या तक्रारींसाठी काही विचारी तरतुदी होत्या. झीज किंवा मोडतोड ह्यांमुळे माप सहनमर्यादेबाहेर गेले आणि त्यामुळे वेग वाढला नसेल, तर दंड नाही. मात्र दुरुस्ती झाल्यावाचून पुन्हा उतरावयाचे नाही. नियमाचा अर्थ संदिग्ध वाटला तर तक्रारसमितीने स्वतःच्या अकलेने तो लावू नये. ज्याच्याकडे अर्थ लावण्याचा अधिकार आहे त्याला विचारावे आणि त्याचे उत्तर बंधनकारक मानावे. (भाष्यकाराकडे जाण्याची ही प्रथा आपल्या शास्त्रपरंपरेला ओळखीची वाटेल.) पण त्याच कलमात आणखी एक वाक्य होते : मोजमापाचा खर्च, समितीने अन्यथा ठरविले नाही तर, हरणाऱ्या पक्षाने द्यावा.

हे वाक्य वाचून मी थांबलो. खोट्या तक्रारींना आळा बसावा हा हेतू उघड आहे, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. परंतु परदेशी स्पर्धेला वर्गणी गोळा करून आलेल्या खेळाडूची स्थिती पाहा. शेजारच्या फळीचा तळ घासलेला आहे असा त्याला संशय आहे. सिद्ध करावयास साचा हवा, साच्याशी ताडून पाहणारा माणूस हवा, वेळ हवा. आणि सिद्ध झाले नाही तर बिल त्याचे. तो गप्प बसेल. निर्दोष प्रतिस्पर्ध्यावर उगाच चिखल उडू नये म्हणून जी भिंत घातली, ती संशयिताइतकीच धनिकाचेही रक्षण करते. समितीला ‘अन्यथा ठरविण्याचा’ अधिकार होता, ही पळवाट नसून ह्या वाक्याचा प्राण आहे असे मी म्हणेन. तो अधिकार ती किती सढळपणे वापरते ह्यावर सारे अवलंबून.

व्यावसायिक स्पर्धांचे जग वेगळे आहे, आणि काही अंशी अधिक स्पष्टवक्ते. तेथे खेळाडूला पगार किंवा मानधन बहुधा फळी आणि शीड बनविणाऱ्या कंपनीकडून मिळते. म्हणजे जो धावतो तोच जाहिरात करतो. प्रोफेशनल विंडसर्फर्स असोसिएशनच्या स्पर्धांत लाटांवरील कसरतींसाठी खेळाडू आपल्या मापाची खास घडविलेली फळी वापरू शकतो, कारण तेथे परीक्षक गुण देतात आणि फळीचा लाभ त्या गुणांत विरघळून जातो. स्लालम शर्यतींत मात्र, जेथे आधी पोहोचेल तो जिंकतो, तेथे बाजारात विक्रीस असलेल्या बनावटीच्याच फळ्या आणि ठरावीक संख्येचीच नोंदविलेली सामग्री, असे बंधन घालण्यात आले. फॉर्म्युला नावाच्या वर्गात हेच तत्त्व आकड्यांत उतरले : फळीची रुंदी १००.५ सेंटिमीटरांहून अधिक नको, फिन ७० सेंटिमीटरांहून लांब नको, आणि खेळाडूने एक फळी, तीन शिडे व तीन फिन एवढेच नोंदवावे. चौकटीच्या आत हवे ते निवडा. जड माणसाला मोठे शीड घेता येते, हलक्याला लहान. शरीरांतील विषमता साधनाने थोडी भरून निघते.

ह्या व्यवस्थेतील एक खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. बाजारातली फळी हीच कसोटीची प्रत ठरल्यामुळे तुलना करावयाची वस्तू दुकानात मिळते. खेळाडूच्या फळीविषयी शंका आली तर तिच्या शेजारी तशीच विक्रीची फळी ठेवता येते. ही गोष्ट खेळाडूइतकीच ग्राहकालाही बांधील आहे. विजेत्याच्या हाताखालची म्हणून जी विकली जाते ती खरोखरच तशी असली पाहिजे. मात्र निवडीचा प्रश्न येथेही सुटत नाही. कारखान्यातून निघालेल्या शंभर फळ्यांतून कंपनीच्या खेळाडूला कोणती दिली जाते आणि ग्राहकाला कोणती, हे विचारणारे कलम मला कोठे आढळले नाही.

पूर्ण खुला नियम पाहावयाचा तर वेगाच्या विक्रमांकडे वळावे लागते. तेथे पाचशे मीटर अंतर आणि घड्याळ. फळी, शीड, फिन ज्याला जशी हवी तशी. फ्रान्सच्या अँटोइन अल्बोने २०१५ साली नामिबियातील ल्युडरिट्झ येथे ५३.२७ नॉट हा वेग गाठला, तो ह्यासाठी मुद्दाम खणलेल्या कालव्यात. पाणीसुद्धा साधन झाले. तेथे अन्यायाची तक्रार कोणी करीत नाही, कारण समतेचे वचनच कोणी दिलेले नाही.

नियम सोडून देण्याचेही एक उदाहरण आहे. शीड हातांनी सतत ओढून हवा मारण्याला खेळाडू पंपिंग म्हणतात. आपल्याकडे विहिरीवर हापसतात तसे हे शीड हापसणे. नौकाशर्यतींत ते सामान्यतः निषिद्ध आहे, कारण नौका वाऱ्याने चालावी, स्नायूंनी नव्हे. फळीवर मात्र शीड हातातच असते. तोल सावरण्यासाठी ओढले की पुढे जाण्यासाठी, हे लांब होडीत बसलेल्या पंचाने कसे ठरवावे? एकाला शिक्षा आणि दहाजण मोकळे, असे होऊ लागले म्हणजे नियम हाच अन्याय होतो. पुढे फळ्यांसाठी हा निषेध उठविण्यात आला. परिणाम असा झाला, की मंद वाऱ्यातली आर. एस. एक्स.ची शर्यत ही वारा ओळखण्याइतकीच फुप्फुसांची परीक्षा झाली आणि विशिष्ट बांध्याच्या खेळाडूंना अनुकूल ठरली. काहींच्या मते खेळाचा आत्माच ह्यात गेला. मला हे मत पटत नाही. ज्याची अंमलबजावणी प्रामाणिक माणसावरच होते असा निषेध पुस्तकात ठेवण्यापेक्षा, सर्वांना उघडपणे हापसू देणे अधिक सचोटीचे होते.

राहता राहिला साधन बदलण्याचा प्रश्न. २०१९ साली इटलीतील गार्दा सरोवरावर चाचण्या झाल्या आणि त्याच वर्षी आर. एस. एक्स.च्या जागी आयक्यूफॉइलची निवड झाली. निवड उघड स्पर्धेतून झाली, हे मान्य. पण ह्या एका निर्णयाने जगभरच्या क्लबांतील फळ्या, शिडे आणि जमविलेल्या फिन ऑलिंपिकच्या दृष्टीने निरुपयोगी झाल्या. ज्या देशात ही सामग्री तयार होते तेथे हा बदल म्हणजे नवी खरेदी. ज्या देशात ती आयात करावी लागते तेथे मागे पडलेली दोनचार वर्षे. २०२३ साली झालेल्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धांत दोन्ही वर्ग ठेवण्यात आले होते, आणि भारताच्या इबाद अलीने पुरुषांच्या आर. एस. एक्स.मध्ये कांस्यपदक मिळविले. ज्या फळीवर ते मिळाले ती ऑलिंपिकमधून दोन वर्षांपूर्वीच गेलेली होती.

लेखाचा कच्चा खर्डा मी त्या विद्यार्थिनीला वाचावयास दिला. फिनसंबंधीच्या परिच्छेदापाशी तिने समासात पेन्सिलीने एवढेच लिहून परत केले : आमच्या जलाशयावर सातजणांत दोनच फिन होत्या, त्यांतली चांगली कोणती हे सर्वांना ठाऊक होते, आणि ती कोणाला मिळावयाची हे आम्ही दर रविवारी चिठ्ठ्या टाकून ठरवीत असू.